बोलका दाह, मुका दाह

प्रस्तावना

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्यांचे ७६ रोग सांगितले आहेत. त्यात एक जागा अशी आहे, जिथे आजच्या नेत्रवैद्यानेही क्षणभर थांबावे. बहुतेक सगळ्या नेत्ररोगांचे मूळ अभिष्यंदात, म्हणजे डोळा लाल होऊन पाझरू लागण्यात आहे, आणि त्याकडे दुर्लक्ष झाले की त्यातून अधिमंथ उद्भवतो, असे तिथे म्हटले आहे. पुढे अधिमंथ किती दिवसांत नजर घेऊन जातो याचा हिशेब येतो: कफाचा असेल तर सात रात्री, वाताचा सहा, रक्ताचा पाच, आणि पित्ताचा असेल तर तत्काळ. या नावांची आजच्या रोगांशी एकास एक जोडी लावण्याचा मोह टाळलेला बरा. पण रात्री मोजण्यामागचा विचार आजही खरा आहे. डोळ्याच्या दाहात पहिले लक्षण आणि शेवटी उरणारी नजर यांच्यामध्ये मोजता येण्याजोगा काळ असतो, आणि तो प्रत्येक रोगात वेगळा असतो. पुढची सगळी पाने त्या काळाविषयी आहेत.

आधी विषयाची ओळख करून घेऊ. डोळ्याच्या पांढऱ्या कवचाच्या आत रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेला एक थर असतो. पुढच्या बाजूला तोच बुबुळाचा रंगीत पडदा होतो, मध्ये डोळ्यातले पाणी तयार करतो आणि मागे दृष्टिपटलाला रक्त पुरवणारे अस्तर बनतो. वरचे कवच सोलून काढले तर हा थर देठाला लटकलेल्या काळ्या द्राक्षासारखा दिसतो. म्हणून लॅटिनमधल्या द्राक्षाच्या शब्दावरून त्याला युव्हिया म्हणतात, आणि त्याच्या दाहाला युव्हायटिस. मोतीबिंदू घरोघरी माहीत असतो. तो बहुधा उतारवयात येतो, वाट पाहतो आणि शस्त्रक्रियेनंतर नजर परत देतो. युव्हायटिस बहुतेकदा विशी ते साठीच्या दरम्यान, म्हणजे ज्याच्यावर घर चालते त्या माणसाला गाठतो. लहान मुलांनाही तो सोडत नाही. आणि त्याने नेलेली नजर दरवेळी शस्त्रक्रियेने आणता येत नाही. या विषयाकडे लक्ष द्यावे, असे मी वाचकांना विनवतो ते एवढ्याचसाठी.

आपल्याकडे डोळा लाल झाला की एकच निदान होते: डोळे आले. मग गुलाबपाणी येते, शेजारचा काळा चष्मा येतो, मेडिकलमधून कुठले तरी थेंब येतात. बहुतेक वेळा डोळे खरोखरच आलेले असतात आणि आठवडाभरात जातातही. पण वाचकांनी इथेच एक भेद मनात पक्का करावा. डोळे येतात तेव्हा चिपडे येतात, पापण्या चिकटतात, डोळा चुरचुरतो आणि लाली पापणीच्या आतल्या बाजूला जास्त असते. नजर मात्र शाबूत असते. बुबुळाच्या दाहात चिपडे नसतात. लाली बुबुळाभोवती कड्यासारखी असते, डोळ्यात खोलवर ठणका असतो, उजेड सहन होत नाही आणि दिसायला अंधुक होते. उजेड बोचतो आहे आणि अंधुक दिसते आहे, असे कुणी म्हणाले तर मेडिकलच्या थेंबांवर एक दिवसही काढू नये. त्या थेंबांत स्टिरॉइड असले तर वरवर आराम पडतो आणि खरे कारण झाकले जाते.

एकदा तरी तुम्ही स्लिट लॅम्प या डोळे तपासण्याच्या यंत्रामागे बसून पाहावे, असे मला फार वाटते. खोलीत अंधार असतो. रुग्णाची हनुवटी आधारावर आणि कपाळ पट्टीला टेकलेले असते. प्रकाशाची फट लहान करत करत एक मिलिमीटर लांब आणि एक मिलिमीटर रुंद करायची आणि झोत तिरका डोळ्यात सोडायचा. पारपटल, म्हणजे डोळ्याचा पारदर्शक दर्शनी पडदा, आणि बुबुळ यांच्यामध्ये पाण्याने भरलेला एक कप्पा आहे. निरोगी डोळ्यात त्या झोतात काहीच दिसत नाही. दाह असेल तर पांढुरके कण तरंगताना दिसतात. कौलारू घरात दुपारचा कवडसा पडतो आणि त्यात धूळ संथपणे फिरत राहते, अगदी तसे. हे कण म्हणजे रक्तवाहिन्यांतून निसटलेल्या पांढऱ्या पेशी. बुबुळाच्या उबेने पाणी वर चढते, पारपटलाच्या गारव्याने खाली उतरते आणि त्याबरोबर कणही फिरतात.

हे यंत्र स्वीडनच्या आल्व्हार गुलस्ट्रँड यांनी १९११ मध्ये जगापुढे आणले. त्याच वर्षी डोळ्याच्या प्रकाशशास्त्रातल्या कामासाठी त्यांना नोबेल मिळाले. पण कवडशातले कण सगळ्यांनी एकाच मापाने मोजायला बराच काळ जावा लागला. एका डॉक्टरचा ‘मध्यम दाह’ दुसऱ्याला तीव्र वाटे, आणि मग कुणाचे रुग्ण बरे झाले व कशाने, हे ताडून पाहता येत नसे. २००४ मध्ये अनेक देशांतले तज्ज्ञ अमेरिकेत बाल्टिमोरला जमले आणि त्यांनी एक भाषा ठरवली. ती २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या चौकोनी झोतात १ ते ५ पेशी असतील तर अर्धा, ६ ते १५ असतील तर एक, १६ ते २५ दोन, २६ ते ५० तीन आणि त्याच्या वर चार. दाह डोळ्याच्या पुढच्या भागात आहे, मधल्या, मागच्या की सगळीकडे, याचीही चौकट तिथेच पक्की झाली. दिसायला हे साधे वाटते, पण पहिली खूण आणि शेवटचा परिणाम यांचे नाते शोधायचे तर खूण आधी मोजता यायला हवी.

आता या विषयाच्या गाभ्याकडे येऊ. पहिल्या तपासणीत दिसणाऱ्या खुणा दोन जातींच्या असतात. काही परतीच्या, काही बिनपरतीच्या. कवडशातल्या पेशी, पाण्याचा गढूळपणा, दृष्टिपटलाच्या मध्यभागी साचलेले पाणी या परतीच्या खुणा आहेत. दाह शमला की त्या जातात. भिंगाची पारदर्शकता जाणे, दृष्टिपटलाच्या मध्यावरचा व्रण, वाळलेली नेत्रनाडी या बिनपरतीच्या. भिंग बदलता येते, पण मूळचे परत येत नाही, आणि बाकीच्या दोहोंना पर्याय नाही. रुग्णाची नजर शेवटी किती राहील, याचा अंदाज दाहाच्या जोरापेक्षा या हिशेबावर अधिक अवलंबून असतो: पहिल्या दिवशी बिनपरतीच्या खुणा किती होत्या, आणि त्या नजरेच्या वाटेत होत्या की वाटेबाहेर.

काही खुणा तर आपल्या डोळ्यांदेखत एका जातीतून दुसरीत जातात. बुबुळाचा पडदा सुजला की मागच्या भिंगाला चिकटू लागतो. बाहुली मोठी करणारे थेंब घातले की निरोगी बाहुली पूर्ण गोल उघडते. चिकटलेली बाहुली मोकळ्या जागीच उघडते आणि तिला वेड्यावाकड्या पाकळ्या येतात. चिकटण ताजी असेल तर शिवणीचा एकेक टाका उसवावा तशी सुटत जाते, आणि भिंगावर तपकिरी ठिपक्यांचे कडे तेवढे मागे उरते. जुनी असेल तर थेंबांना दाद देत नाही. सगळीकडून चिकटली तर आतल्या पाण्याची वाट बंद होते, दाब वाढतो आणि काचबिंदू नेत्रनाडीवर चालून येतो. पहिल्या आठवड्यात थेंबांनी सुटणारी गोष्ट काही महिन्यांनी नेत्रनाडीचे मोल मागते.

औषधे नव्हती तेव्हा हा प्रवास कसा होई, हे पाहायचे तर आयरिश लेखक जेम्स जॉयस यांचे उदाहरण आहे. पंचविशीच्या आसपास ट्रिएस्टमध्ये असताना त्यांना बुबुळाच्या दाहाने गाठले. तो पुन्हा पुन्हा उलटत राहिला, त्यातून काचबिंदू झाला, मोतीबिंदू झाला. त्यांच्या डोळ्यांवर दहाहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. १९३० मध्ये झुरिकला त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली ती आल्फ्रेड फोग्ट यांनी, जे त्या काळचे युरोपातले नामांकित नेत्रवैद्य होते. जॉयस १९४१ मध्ये गेले. कॉर्टिसोन माणसाला पहिल्यांदा दिले गेले ते १९४८ मध्ये, अमेरिकेत फिलिप हेंच यांच्या हातून, सांध्यांच्या आजारासाठी. लवकरच ते डोळ्यांच्या दाहावरही वापरात आले. जॉयस यांच्या आणि आजच्या रुग्णाच्या नशिबात जो फरक आहे, त्याचा मोठा वाटा त्या काही वर्षांचा आहे.

फोग्ट यांचे नाव इथे आले ते बरेच झाले, कारण त्यांच्याच नावाच्या रोगात आपल्या विषयाचा सगळा सारांश आहे. डोळ्यांत दाह आणि पापण्यांचे केस पांढरे, असा रुग्ण त्यांनी १९०६ मध्ये नोंदवला. जपानमध्ये हाराडा यांनी १९२६ मध्ये वेगळेच चित्र मांडले: दोन्ही डोळ्यांत दृष्टिपटलाखाली पाणी साचून ते सुटते. १९२९ मध्ये कोयानागी यांनी आणखी रुग्ण वर्णिले. हे सगळे एकाच रोगाचे टप्पे आहेत, हे नंतर उमगले. हाराडांनी पाहिली ती आरंभीची खूण होती आणि फोग्टांनी पाहिली ती उशिराची. आज हा रोग तिघांच्या नावाने ओळखला जातो. सुरुवातीला डोके दुखते, कानात आवाज येतो, मान आखडते, कधी केस विंचरतानाही डोक्याची कातडी दुखते. आपल्याकडे याला पित्त म्हणून सोडून देतात. काही दिवसांत दोन्ही डोळ्यांसमोर धुके येते. या टप्प्यावर, पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत, पुरेशा मात्रेत स्टिरॉइड सुरू झाले आणि ते घाईने न थांबवता निदान सहा महिने हळूहळू कमी करत नेले, तर बहुतेकांची नजर चांगली राहते. उशीर झाला तर डोळ्याचा मागचा पडदा रंग गमावून मावळतीच्या आकाशासारखा तांबूस होतो आणि दाह वारंवार उलटू लागतो. पापणी पांढरी होण्याची वाट पाहिली तर निदान अचूक होईल, पण तोवर नजरेचे नुकसान झालेले असेल.

यातून एक गोष्ट कळते आणि ती वाचकांना प्रथम उलटी वाटेल. जो दाह जास्त ओरडतो त्याचा शेवट अनेकदा चांगला होतो, आणि जो गप्प राहतो त्याचा वाईट. एचएलए-बी२७ हा आनुवंशिक घटक असलेला तरुण घ्या. सकाळी पाठ आखडते म्हणून तो आधीच बेजार असतो. एके दिवशी अचानक एक डोळा लालबुंद होतो, असह्य ठणकतो, कधी बुबुळापुढे तळाला पांढरा पूही साचतो. दृश्य भयंकर असते, पण वेदनेमुळेच तो दोन दिवसांत दवाखान्यात पोहोचतो, आणि वेळेवर थेंब मिळाले तर त्याची नजर सहसा पूर्ववत होते. १९९३ च्या पुरानंतर मदुराई भागात लेप्टोस्पायरोसिस या दूषित पाण्यातून पसरणाऱ्या तापामुळे डोळ्यांच्या दाहाची साथ आली. अरविंद नेत्र रुग्णालयाच्या डॉ. एस. आर. रत्तिनम आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये अशा ७३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. डोळ्याच्या पुढच्या-मागच्या सगळ्या भागांत दाह असूनही या रोगात नजर बहुधा चांगली परत येते. मुंबईत गुडघाभर पाण्यातून चाललेल्यांनी आणि कोकणात भातखाचरात राबणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. ताप येऊन गेल्यावर काही महिन्यांनी डोळा लाल झाला, तर डॉक्टरांना त्या तापाची आठवण जरूर करून द्यावी.

आता मुका दाह. पाच वर्षांची एक मुलगी आईच्या मांडीवर बसून माझ्यासमोर आली. शाळेतल्या बाईंनी सांगितले होते, पोरगी पुस्तक नाकाशी धरते. दीड वर्षापासून एक गुडघा सुजलेला होता, आणि कुठे तरी पडली असेल म्हणून तेल लावणे चालू होते. दोन्ही डोळे दुधासारखे पांढरेशुभ्र. झोत सोडला तेव्हा डाव्या पारपटलावर आडवा, चुन्यासारखा पट्टा दिसला. तो खरोखर कॅल्शियमचाच साका होता. त्यामागे बाहुली जागच्या जागी घट्ट चिकटलेली आणि भिंग धुरकट. उजव्या डोळ्यात मात्र फक्त कवडशातले कण, बाकी सगळे स्वच्छ. आई पुन्हा पुन्हा म्हणत होती, “डोळा एकदाही लाल झाला नाही हो डॉक्टर, दुखतंय असं कधी म्हणाली नाही.” तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते. लहानपणीच्या संधिवातात साधारण दहा ते वीस टक्के मुलांना हा दाह होतो आणि तो बहुधा असाच निःशब्द असतो. म्हणून थोडेच सांधे धरलेल्या, कोवळ्या वयाच्या, रक्तात एएनए ही प्रतिपिंडे असलेल्या मुलांचे डोळे तक्रार असो वा नसो, दर तीन महिन्यांनी तपासावेत असा दंडक आहे. रोग स्वतः बोलत नसेल, तर त्याच्याकडून कॅलेंडरने बोलावे लागते.

परिणाम म्हणजे नेमके काय, हेही इथे ठरवून घेऊ. तक्त्यावरच्या ६/६ किंवा ६/६० या आकड्याने सुरुवात करावी, पण तिथे थांबू नये. पहिल्या दिवशी ६/६० दिसत असेल, तर ते कशामुळे हे आधी विचारावे. दृष्टिपटलाच्या मध्यभागी सूज आल्याने असेल तर आशा मोठी आहे. तीच सूज महिनोन् महिने राहिली, तर प्रकाश टिपणाऱ्या पेशी मोडतात, आणि मग सूज उतरली तरी नजर येत नाही. युव्हायटिसमध्ये नजर जाण्याचे सर्वांत मोठे कारण हीच सूज आहे. १९९१ मध्ये जगासमोर आलेल्या ओसीटी या तपासणीने ती हजारांश मिलिमीटरमध्ये मोजता येते आणि पेशींचा थर अखंड आहे की तुटला, तेही दिसते. उलट, ६/६ दिसते म्हणून निर्धास्त राहणेही चूक. नागिणीच्या विषाणूमुळे होणारा एक दाह दृष्टिपटलाच्या कडेला पांढऱ्या चट्ट्यांनी सुरू होतो. मध्य शाबूत असल्याने सुरुवातीला दिसते चांगले, पण चट्टे झपाट्याने आत सरकतात. तिथे हिशेब दिवसांचाच करावा लागतो.

या क्षेत्रातल्या भारतीय कामाबद्दल थोड्या अभिमानाने सांगतो. चंडीगढच्या पीजीआयमध्ये डॉ. अमोद गुप्ता, डॉ. विशाली गुप्ता आणि सहकाऱ्यांनी क्षयरोगाशी जोडलेला, सापासारखा सरपटत पसरणारा मागच्या पडद्याचा दाह २००३ मध्ये वर्णन केला. नुसत्या स्टिरॉइडने तो दबतो आणि पुन्हा उठतो. क्षयाची औषधे जोडली की उलटण्याचे प्रमाण घटते. ज्या देशात क्षय घरोघर माहीत आहे, तिथे हे ओळखणे किती मोलाचे, ते सांगायला नको. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीच्या शोधनिबंधातही पहिले नाव डॉ. रत्तिनम यांचे होते. त्यात २१६ रुग्णांवर मेथोट्रेक्सेट हे जुने, स्वस्त औषध महागड्या मायकोफिनोलेटपेक्षा कमी पडले नाही. मुलांच्या संधिवाती दाहात मेथोट्रेक्सेटला अडालिमुमॅब या औषधाची जोड दिली, तर उपचार फसण्याचे प्रमाण ६० टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर येते, हे ब्रिटनमध्ये ९० मुलांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने दाखवले. साधने आपल्या हाती आहेत. ती कधी हाती घ्यायची, हे पहिल्या खुणा सांगतात.

मग वाचकांनी या विषयात शिरावे कसे? रोगांची नावे पाठ करण्यापासून सुरुवात करू नका. ती पुष्कळ आहेत आणि प्रथम धडकी भरवतात. आधी जागा पाहा: दाह पुढे आहे, मध्ये आहे की मागे. जितका मागे, तितका तो दृष्टिपटलाच्या मध्याजवळ आणि तितकी काळजी जास्त. मग कारण विचारा: जंतू आहेत, की शरीराची संरक्षक यंत्रणाच डोळ्यावर उलटली आहे? कारण स्टिरॉइड दुसऱ्या प्रकारात तारते आणि पहिल्यात, जंतूंवर औषध नसेल तर, बुडवू शकते. त्यानंतर प्रत्येक खुणेसमोर उभे राहून दोन प्रश्न विचारा: ही परत जाईल का, आणि किती दिवसांपासून आहे? विद्यार्थ्यांना पुढची प्रकरणे या क्रमाने सोपी वाटतील. गावोगावच्या फॅमिली डॉक्टरांना निदानाचा सगळा भार उचलण्याची गरज नाही. लाल डोळ्यात उजेड बोचतो का, नजर उतरली का आणि बाहुली गोल आहे का, एवढे पाहून योग्य वेळी पुढे पाठवले, तरी एका माणसाची नजर वाचते. आणि जे स्वतः रुग्ण आहात, त्यांनी प्रत्येक झटक्याची तारीख वहीत लिहून ठेवावी. पुढच्या डॉक्टरला त्या वहीइतकी मदत दुसऱ्या कशाचीच होणार नाही.

ती मुलगी आता दर तीन महिन्यांनी येते. कुणी सांगण्याआधीच हनुवटी आधारावर ठेवते. पट्टा काढला, भिंग बदलले, चांगला डोळा झाकून कमजोर डोळ्याला सराव दिला, औषधे चालू आहेत. दोन्ही डोळ्यांतला कवडसा कित्येक महिने स्वच्छ आहे. उजव्या डोळ्याने ती तक्त्याची शेवटची ओळ वाचते. डाव्याने ६/३६ च्या ओळीवर थांबते. मूल एकच, रोग एकच, दोन्ही डोळ्यांवर उपचार सुरू झाला तोही एकाच दिवशी. फरक होता तो एवढाच, की त्या दिवशी उजव्या डोळ्यात फक्त परतीच्या खुणा होत्या. पुढची पाने वाचून तुमच्यापैकी कुणा एकाला जरी अशा दुसऱ्या एखाद्या मुलाचा डोळा त्या दिवसाच्या आधी झोताखाली आणता आला, तर या विषयात तुमचे मनापासून स्वागत करण्याचे माझे कारण सफळ झाले.